मोसम कोणता बरा?

हिमालयाच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एक जाऊन येणाऱ्यांचा आणि दुसरा कधी जावं याचा विचार करणाऱ्यांचा. मी आयुष्याची एकतीस वर्षं या दुसऱ्या वर्गात काढली. त्या वर्गात मी नापास झालो नाही, पण पासही झालो नाही. दरवर्षी वरच्या वर्गात ढकलला गेलो, तो थेट सेवानिवृत्तीपर्यंत.

मी मुखेडला हायस्कुलात भूगोल शिकवत असे. म्हणजे हिमालयाशी माझा संबंध रोजचाच. फळ्यावर खडूनं हिमालय काढायचा, त्याच्या डोक्यावर बर्फ ठेवायचं (खडू पांढराच असल्यामुळे यात विशेष कष्ट नव्हते) आणि घंटा झाली की डस्टरनं सगळं पुसून टाकायचं. हिमालय इतक्या वेळा पुसलेला माणूस माझ्याशिवाय दुसरा नसेल. पण खरी पंचाईत व्हायची ती 'पर्जन्यछाया' शिकवताना. ढग सह्याद्रीवर आपटतात, पाऊस कोकणात आणि घाटावर पडून जातो, आणि पलीकडच्या सावलीत आपण राहतो, असं मी दरवर्षी सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, आपण सावलीत हाय म्हणता, मग मे महिन्यात एवढं ऊन कसं लागतंय?" मी त्याला 'खाली बस' असं उत्तर दिलं. शिक्षणशास्त्रात या उत्तराला पर्याय नाही.

याच धड्यात पुढे लडाख यायचं. तेही पर्जन्यछायेतच, फक्त सावली हिमालयाची. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. निवृत्तीनंतर एकदा लडाख बघावं असा माझा बेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणजे एका दुष्काळातून दुसऱ्या दुष्काळात, आणि मधे रेल्वेचं भाडं!"

२०१५ साली मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात विद्यार्थ्यांनी मला शाल आणि एक जाड लोकरी मफलर दिला. मुखेडात लोकरी मफलर! तो आठवडाभर कपाटावर पडून राहिल्यावर हिनं एक दिवस माझ्यापुढे ठेवला. "हा जिथं लागतो तिथं तरी आता चला. मला एकदा बर्फ बघायचाय. फ्रिजमधला नको."

आता नुसतं 'कधी?' एवढंच ठरायचं बाकी होतं.

*

मुखेडच्या एस.टी. स्टँडाजवळच्या हाटेलात आमची सकाळची बैठक असते. तिथे मी हा प्रश्न मांडला आणि तीन दिवस चहा उधारीवर चालला. प्रत्येकाला मोसमाबद्दल ठाम मत होतं.

खताबियाण्यांचे दुकानदार म्हणाले, "काही झालं तरी जून-जुलैत जायचं नाही. तो मोसमच वाईट." पुढे कळलं की जून-जुलैत त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मेडिकलवाले म्हणाले, "पावसाळ्यानंतर साथी असतात, तेव्हा उन्हाळाच बरा." साथीत त्यांना दुकान सोडवत नाही. मंगल कार्यालयाच्या मालकांनी मात्र उन्हाळा एका फटक्यात नामंजूर केला, कारण लग्नतिथी. निवृत्त कंडक्टर म्हणाले, "बिगरमोसमात जा. गाडी रिकामी, खोली स्वस्त." बिगरमोसमात रस्ता बर्फाखाली असतो हे मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच स्वस्त."

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ज्याच्या त्याच्या धंद्यातला मंदीचा काळ तोच त्याच्या मते हिमालयाचा उत्तम काळ. मीही काही वेगळा नव्हतो. एकतीस वर्षं माझ्या मते हिमालयाचा उत्तम काळ मे महिना होता, कारण शाळेला सुट्टी. हिमालयाला हे कुणी कळवलं नव्हतं. मे महिन्यात मनालीकडून लेहला जाणारा रस्ता तेव्हा बहुधा बर्फ उपसण्यातच असायचा. तो पुरता मोकळा होईपर्यंत आमच्या शाळेची पहिली घंटा व्हायची आणि मी फळ्यावर हिमालय काढायला उभा.

मी भूगोलाचा माणूस. म्हणून रीतसर तक्ता केला. लडाख: जून ते सप्टेंबर. लेह साडेतीन हजार मीटर उंच, हवेतला प्राणवायू खालच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं. (निवृत्त शिक्षकाला हे जमण्यासारखं होतं.) केदारनाथ आणि बद्रीनाथ: अक्षय्य तृतीयेच्या आसपास दारं उघडतात, दिवाळीनंतर बंद होतात. हेमकुंड साहिब: मेअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. हे आमच्या नांदेडच्या शीख मंडळींना पाठ असतं. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली देह ठेवला तो नांदेडला, आणि त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपश्चर्येची जागा म्हणून श्रद्धा आहे ती चार हजार मीटरच्या वरच्या हेमकुंडावर. नांदेडच्या माणसाला हिमालय तसा परका नाही. हेमकुंडाच्या वाटेवरच फुलांची दरी लागते, आणि तिथे तक्ता अडला. फुलं सगळ्यांत जास्त फुलतात जुलै-ऑगस्टात, म्हणजे भर पावसात. दरडी कोसळतात त्याही तेव्हाच. फुलं बघायची तर रस्ता वाईट, रस्ता बघायचा तर फुलं नाहीत. आणि माणूस तर घरून निघताना दोन्ही मागतो.

त्यातून तक्त्यावर विसंबावं असंही नाही. २०१३ साली पावसानं सगळा देश १६ जूनलाच व्यापला, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. त्या दोन दिवसांत केदारनाथला जे झालं ते आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलं. हजारो माणसं गेली. ती सगळी योग्य मोसमातच आलेली होती. आणि जिथे पाऊस पडतच नाही म्हणून ऑगस्टात बिनधास्त जा म्हणतात, त्या लेहमध्ये २०१० च्या ऑगस्टात एका रात्री ढगफुटी होऊन वस्त्या चिखलाखाली गेल्या. हे वाचून मी तक्ता घडी करून मफलरात ठेवला आणि मफलर कपाटावर.

*

मग २०१६ चा फेब्रुवारी महिना आला आणि एका रात्री पुण्याहून भाच्याचा फोन.

हा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. अक्का मुखेडपासून मुक्रमाबादच्या रस्त्याला एका खेड्यात एकटीच राहते. दाजी गेल्याला बरीच वर्षं झाली. भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. मुलगा गुणाचा, महिन्याला पैसे पाठवतो, आईला पुण्याला चल म्हणून दर दिवाळीला आग्रह करतो. अक्का दर दिवाळीला एक म्हैस आणि एक तुळस यांचं कारण सांगते.

भाचा म्हणाला, "मामा, पोरांना एकदा गाव दाखवावं म्हणतो. मुखेडला यायला बेस्ट सीझन कोणता?"

मी क्षणभर गप्प झालो. मग जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात आशय असा की अरे, तुझी आई राहते तिथे, हिल स्टेशन आहे का ते? आईला भेटायला मोसम कसला विचारतोस? आमच्या गावाला सीझन नसतो, आम्ही बाराही महिने इथेच असतो, आणि बाराही महिने आमचं नाव मुखेडच असतं. वगैरे. शिक्षकाला राग आला की वाक्यं व्याकरणशुद्ध होतात. त्या दिवशी माझं मराठी फार शुद्ध होतं.

फोन ठेवला आणि हिच्याकडे बघून म्हणालो, "ऐकलंस? बेस्ट सीझन म्हणे!"

ही लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पण तुम्ही तरी अक्कांकडे कधी जाता?"

"कधी म्हणजे? दरवर्षी जातो."

"येळवशीला."

आता येळवस म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या लातूर-नांदेडच्या या पट्ट्यात सगळं गाव उठून शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं जेवायचं, ते संध्याकाळी बैलगाडीत टाकूनच घरी आणावं लागावं इतकं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरवे दाणे आणि भाज्या बेसनात एकत्र शिजवून जे होतं ते. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हवा गार, विहिरीला पाणी. त्याच सुमाराला माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. आमच्या मुलखाला या दिवसांत बघावं. त्या दिवशी मी अक्काकडे न चुकता जातो. मग महिन्याभरानं हुरड्याला एकदा. झालं. अंतर म्हणाल तर काळीपिवळी जीपनं तासाभराचं.

"म्हणजे," ही शांतपणे म्हणाली, "तो पुण्याहून मोसम विचारतो, तुम्हाला विचारावा लागत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

लसणाच्या पाकळीला जशी साल असते तशी माणसाच्या रागालाही असते. ही दोन्ही फार पटकन सोलते.

*

त्या वर्षीचा उन्हाळा कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि सगळ्या देशाला लातूर कुठे आहे ते कळलं. आम्हालाही पाण्याचं दुर्भिक्ष होतंच. अशा एप्रिलातल्या एका दुपारी, मनात आलं आणि पुन्हा निघून जाईल या भीतीनं, मी काळीपिवळीत बसलो आणि अक्काच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अक्का ओसरीवर बसली होती. मला बघितलं आणि ती उभी राहिली ती भिंतीला धरून. तोंडाचा रंग गेलेला.

"कोण गेलं रे?"

मला काही कळेना. "कोण गेलं म्हणजे?"

"खरं सांग. कामून आलास असा उन्हाचा? कोण गेलं?"

मी बिगरमोसमात बहिणीच्या दारात उभा होतो, त्याचा तिच्या हिशेबात एकच अर्थ निघत होता. कुणी गेलं नाही, सगळे बरे आहेत, मी तसाच आलोय, हे तिला पटवायला मला दहा मिनिटं लागली. शेवटी ती बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तसंच कुणी येतंय व्हय?"

मी एकतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले. इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याला 'खाली बस' हे उत्तर चाललं नसतं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कुणाला वाटेल की भर उन्हाळ्यात बहिणीकडे गेलं की पुण्य लागतं. अक्कानं मला हातपाय धुवायला पाणी दिलं. घामानं चिकचिक झालं होतं, मी सवयीनं सगळी बादली संपवली. तोंडावर दोनदा सपकारे मारले, मान धुतली, मफलर नव्हता म्हणून बरं. शेजारची एक पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे असं बघत होती की जणू मी दूध सांडतोय. मग कळलं की टँकर दोन दिवसांनी एकदा येतो आणि ती बादली म्हणजे अक्काच्या वाट्याच्या घागरींपैकी एक होती. अक्का काही बोलली नाही. पाहुण्याला पाण्याचा हिशेब सांगायचा नसतो.

म्हणजे बघा. चांगल्या दिवसांत जाऊन खाऊन यावं तर आपण मतलबी. वाईट दिवसांत जावं तर आपण आणखी एक तोंड, आणि तेही धुवायचं. मग माणसानं करावं तरी काय? मला त्या दुपारी जे सुचलं ते फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. संध्याकाळी टँकर आला तेव्हा मी धोतर खोचलं आणि रांगेत उभा राहिलो. निवृत्त मुख्याध्यापकपदाच्या अगदी जवळ येऊन निवृत्त झालेला माणूस घागर घेऊन उभा आहे हे बघायला गाव जमलं. माझी दोन घागरी नेईपर्यंत कंबर धरली आणि त्यातली अर्धी घागर वाटेत माझ्याच अंगावर गेली. पण वाईट मोसमात जायचं तर हात घेऊन जावं, नुसतं तोंड घेऊन नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

रात्री अंगणात बाजेवर पडलो असताना मी अक्काला विचारलं, "अक्का, हिमालयात जायचं म्हणतोय. मोसम कोणता बरा?"

अक्का पंढरपूर आणि तुळजापूर यांपलीकडे गेलेली नाही. पण उत्तर द्यायला ती थांबली नाही. "देवाची दारं कव्हा उघडतात?"

"अक्षय्य तृतीयेला, त्या सुमाराला."

"मग तव्हाच जायचं. त्यानं उघडल्याबिगर आपुन कसं जावं? अन् लागतात कव्हा?"

"केदारनाथाची भाऊबीजेला. मग तो खाली उखीमठाला येतो. सहा महिने वर कुणी नसतं. बर्फच बर्फ."

अक्का जराशी हसली. "मंजी देवबी भाऊबीजेला खाली येतोय म्हण की."

आदल्या भाऊबीजेला मी आलो नव्हतो. गुडघा दुखत होता. पैसे पाठवले होते. मी कूस बदलली.

थोड्या वेळानं मीच म्हणालो, "आणि तुझं दार गं?"

"माझं काय," अक्का म्हणाली, "माझ्या दाराला कडीच नीट लागत न्हाई. उघडंच असतंय."

*

आम्ही हिमालयात गेलो ते पुढच्या वर्षी, २०१७ च्या सप्टेंबरात. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली आणि तिथून विमानानं लेह. त्या आधी अक्काला सांगायला गेलो होतो, श्रावणात. तिनं 'कोण गेलं' विचारलं नाही. तोवर सवय झाली होती.

लेहला दोन दिवस नियमाप्रमाणे पडून राहिलो. मफलर पहिल्याच संध्याकाळी कामाला आला. मग सिंधूकाठच्या एका गावात एका घरी उतरलो. घरधनीण साठीची. तिला मोडकं हिंदी येत होतं आणि आम्हाला मराठवाड्याचं हिंदी येत होतं, म्हणजे दोघंही सारखेच. गच्चीवर जर्दाळू वाळत घातलेले, कडेला जनावरांच्या चाऱ्याचे भारे आणि सरपण रचलेलं. खाली जवाची कापणी चाललेली. सहा महिन्यांच्या थंडीची बेगमी त्या चार महिन्यांत करायची असते. आमच्या हिला गच्ची बघितल्याबरोबर ओळख पटली. कुरडया-पापड नव्हते एवढंच, बाकी वाळवण ते वाळवण. तासाभरात दोघी मांडी घालून जर्दाळू उलथत बसल्या. वाळवणाला भाषा लागत नाही.

मी माझा प्रश्न काढला. "तुमच्याकडे यायला चांगला मोसम कोणता?" माझी अपेक्षा ती 'हाच' म्हणेल अशी होती, कारण आभाळ निळं, उन्हाला धार, वारा गार, तक्त्यातले सगळे रकाने भरलेले. बाई म्हणाली, "जानेवारी."

मला वाटलं हिंदीत गफलत झाली. पण नाही. आता आम्हाला बोलायला वेळ कुठे आहे, असं तिचं म्हणणं पडलं. कापणी आहे, पाहुणे आहेत, रात्री पाठ टेकायला बारा वाजतात. थंडीत सगळं गोठलं की काम नसतं. मग लोसर येतो, त्यांचं नवं वर्ष. गोंपांमधे मुखवट्यांचे नाच होतात. एकमेकांकडे जायचं, चुलीभोवती बसायचं, छंग प्यायची. लेहचा पारा शून्याखाली वीसच्याही खाली जातो तेव्हा त्यांची येळवस असते. आम्ही मात्र उन्हाळ्यात येतो, त्यांच्या कामाच्या दिवसांत, आणि परत जाऊन सांगतो की लडाख बघितलं.

"आणि वाईट मोसम?" मी विचारलं.

"एप्रिल-मे," ती म्हणाली. पेरणीची वेळ असते आणि पाणी नसतं. वरचं बर्फ वितळून ओढ्याला पाणी यायला जून उजाडतो. चेवांग नोरफेल नावाच्या त्यांच्याच एका इंजिनिअरनं यावर इलाज काढला. थंडीत वाया जाणारं पाणी गावाच्या वर सावलीत अडवून गोठवायचं, म्हणजे पेरणीच्या वेळी ते नेमकं वितळून शेतात येतं. कृत्रिम हिमनद्या म्हणतात त्यांना. पुढे सोनम वांगचुक यांनी पाण्याच्या नळीतून बर्फाचे उंच स्तूप केले ते याच कामासाठी. भूगोलाच्या पुस्तकात हे माझ्या वेळी नव्हतं. ते ऐकून हिनं जर्दाळू उलथता उलथता एवढंच म्हटलं, "एप्रिल-मे म्हणजे आपल्यासारखंच की!" पर्जन्यछायेचा धडा मी तीन दशकं शिकवला. तो त्या गच्चीवर हिला एका वाक्यात समजला.

त्या रात्री मी अंघोळीला पाणी मागितलं नाही. त्या घरात जुन्या पद्धतीचा कोरडा संडास होता. त्यात पाणी लागत नाही, वरून माती लोटायची, आणि वर्षानं त्याचं खत शेताला. गावातल्या नव्या हॉटेलांत मात्र पाहुण्यांसाठी नळ आणि फवारे होते. १९७४ साली लडाख प्रवाशांना खुलं झालं तेव्हापासून पाहुणे वाढले, ओढे तेवढेच राहिले. मला अक्काच्या दारातली ती पोरगी आठवली. ती इथेही कुठेतरी उभी असणार.

*

आता माझं मोसमाबद्दलचं मत विचाराल तर असं आहे. डोंगराकडे जायचं तर डोंगर ज्या दिवसांत येऊ देतो त्याच दिवसांत जावं. तिथे मोसम न विचारता घुसण्यात शौर्य नाही, उद्धटपणा आहे, आणि आपला उद्धटपणा निस्तरायला शेवटी तिथल्याच कुणाला तरी बर्फात उतरावं लागतं. अक्का म्हणते तसं, त्यानं दार उघडल्याशिवाय आपण कसं जावं? डोंगराला आपण न गेल्याचं काही वाटत नाही. सहा महिने त्याच्याकडे कुणी नसलं तरी तो भिंतीला धरून उभा राहत नाही.

माणसांचं तसं नसतं. मनालीच्या पुढे रोहतांगखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० साली खुला झाला. लोक म्हणतात, प्रवाशांची सोय झाली. झालीच. पण त्याआधी हिवाळ्यात लाहौलच्या लोकांची वाट बंद व्हायची. पलीकडे कुणाची बहीण आजारी असली तर खिंड उघडायची वाट बघायची. त्यांचा बोगदा झाला. माझ्या आणि अक्काच्या मधे तर डोंगरही नव्हता. चांगली डांबरी सडक होती, खड्ड्यांसकट.

भाच्याला मी नंतर पत्र लिहिलं. फोनवर शुद्ध मराठी बोलल्याचं मनात होतं, म्हणून पत्रात जरा अशुद्ध लिहिलं. 'येळवशीला ये. पोरांना आवडेल. हुरड्याला ये. पण एकदा मे महिन्यात पण ये. पोरांना आवडणार नाही, आजीला आवडेल.' तो आला, येळवशीलाच. पोरं बैलगाडीत बसली, भज्जीला नाकं मुरडली, मग दोनदा वाढून घेतली, फोटो निघाले. मे महिन्यात आला नाही. त्याच्या कंपनीचा तो मोसम असतो. मी काही बोललो नाही. मला एकतीस वर्षं लागली होती, त्याला निदान दहा तरी द्यायला हवीत असा हिशेब केला.

हिशेब जवळजवळ बरोबर आला. २०२५ च्या ऑगस्टात १७ आणि १८ तारखांच्या मधल्या रात्री आमच्या तालुक्यात असा पाऊस झाला की लेहला दोन वर्षांत पडतो तेवढा एका रात्रीत. लेंडीचं पाणी हसनाळ, रावणगाव आणि आसपासच्या गावांत शिरलं. लोक झोपेत होते. माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला यावं लागलं. याच महिन्याच्या सुरुवातीला उत्तरकाशीकडच्या धरालीचं चित्र आम्ही टी.व्ही.वर बघून हळहळलो होतो. मग टी.व्ही.वर मुखेडचं नाव आलं. आता हिमालयातलं कुणीतरी हळहळलं असेल.

अक्काचं गाव उंचावर, म्हणून वाचलं. पण रस्ते तुटले होते, फोन लागत नव्हता, दोन दिवस मला मुखेडहून तिकडे जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी वाट झाली तसा गुडघाभर चिखलातून मी पोचलो, पिशवीत काडेपेट्या, मेणबत्त्या आणि बिस्किटं घेऊन. अक्काच्या ओसरीवर आधीच कुणीतरी बसलं होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्म्यावर चिखल, हातात अक्काचा खराटा. भाचा. पुण्याहून निघाला होता तो नांदेडपर्यंत गाडीनं, पुढे मिळेल त्या वाहनानं आणि शेवटचे काही कोस चालत. मला फोन करून त्यानं या वेळी काहीच विचारलं नव्हतं.

मला बघून तो जरा ओशाळला. म्हणाला, "मामा, सीझन चुकलाच."

मी काही बोलणार एवढ्यात आतून अक्काचा आवाज आला. "तू बी आलास का? चपला भाईर काढ. ह्यानं सगळा चिखल घरात आणलाय."